सात फुटांचा हात, बारा फुटांचं टेबल

आमच्या घरात 'क्यू' म्हणजे रांग. रेशनची, गॅसची, बँकेतली. एका काठीलाही क्यू म्हणतात, हे आम्हाला कळलं ते माझ्या खालाच्या थोरल्या मुलामुळे. त्यांना आम्ही सगळेच भाई म्हणतो. भाई २००१ साली सौदीला गेले, एकवीस वर्षं तिथं ट्रेलर चालवला आणि २०२२ मध्ये कायमचे उमरग्याला परत आले. येताना खजूर, अत्तर, दोन ब्लँकेटं आणि मुलींसाठी कापड आणलं. आणि एक लांबट काळी पिशवी. तिच्यात दोन तुकड्यांत उघडणारी काठी होती. खाला म्हणाल्या, "ये क्या, मछली पकडने का है?"

भाईंचा कॅम्प दम्मामच्या बाहेर होता. शेकडो माणसं, पत्र्याच्या खोल्या आणि सगळ्यांत मिळून एक हॉल. हॉलमध्ये टीव्ही, दोन कॅरम बोर्ड आणि एक सात फुटी पूल टेबल. त्याचं कापड दोन ठिकाणी फाटलेलं आणि चिकटपट्टीनं जोडलेलं. गुरुवारी रात्री आणि शुक्रवारी दुपारनंतर त्या टेबलाभोवती गर्दी व्हायची. मल्याळी, बंगाली, पाकिस्तानी, नेपाळी, आणि सगळ्यांत तरबेज म्हणजे फिलिपिनो. त्यांच्याकडे एफ्रेन रेयेस हे नाव आपल्याकडे सचिनचं घेतात तसं घेतलं जातं. हा माणूस १९९९ मध्ये कार्डिफला नाइन-बॉलचा जगज्जेता झाला, तोही चव्वेचाळिसाव्या वर्षी. भाई त्या फिलिपिनो सोबत्यांकडून शिकले. आधी नुसतं बघून, मग रात्री हॉल रिकामा झाल्यावर एकट्यानं खेळून. दहा-बारा वर्षांत कॅम्पात त्यांना हरवणारे दोनच जण उरले होते, असं ते सांगतात. भाई बढाई मारणारे नाहीत, म्हणून मी हे मानतो.

त्यांचा एक नियम होता. पैसे लावून खेळायचं नाही. शर्त लागली की तो जुगार, आणि जुगार हराम, यात त्यांच्याकडे फाटे नव्हते. कुणी म्हणायचं, पैसे नकोत तर हरणाऱ्यानं चहा पाजावा. भाई म्हणायचे, तीसुद्धा शर्तच. चहा आपण दोघं मिळून पिऊ, पैसे अर्धे अर्धे.

हे सगळं इतक्या तपशिलात सांगतोय, कारण आपल्या समाजात पूल, स्नूकर ही नावं निघाली की चेहरे बदलतात. अंधारी खोली, सिगारेटचा धूर, शाळा-कॉलेज बुडवलेली पोरं. हे चित्र अगदीच खोटं आहे असं मी शिक्षक म्हणून म्हणणार नाही. पण चित्राची दुसरीही बाजू आहे. स्नूकर आपल्याच देशात जन्मला. १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तो सुरू केला, असं मानलं जातं. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय म्हणजे विल्सन जोन्स. त्यांचा जन्म १९२२ चा, पुण्याचा. १९५८ मध्ये कोलकात्याला त्यांनी हौशी बिलियर्ड्सचं जागतिक विजेतेपद मिळवलं. पंचवीसहून जास्त जागतिक किताब जिंकलेला पंकज अडवाणीही जन्मानं पुण्याचाच. मी ही सगळी माहिती एकदा भाभींना उत्साहानं सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "और वो बारहवी में कितने में पास हुआ था?"

भाभींच्या प्रश्नाला कारण होतं. भाईंचा धाकटा मुलगा सोलापूरला डिप्लोमा करतो. तिथं रूमवर राहतो. त्याचा जन्म २००४ चा. भाई दर दोन वर्षांनी दोन महिन्यांच्या सुटीवर यायचे. म्हणजे कायमचे परत येईपर्यंत बापलेक एका छपराखाली राहिले ते जेमतेम अठरा महिने. फोन रोज व्हायचा, पैसे वेळेवर यायचे, ईदला नवे कपडे यायचे. पण माणूस घरात असणं ही वेगळी गोष्ट आहे. भाई परतले तेव्हा मुलगा त्यांच्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलायचा. अदबीनं, थोडक्यात, उभ्या उभ्या.

मग २०२३ च्या फेब्रुवारीत भाईंना कुठूनतरी कळलं की मुलगा आठवड्यातून तीन-चार वेळा सोलापुरातल्या एका स्नूकर क्लबात जातो. भाभी रडल्या. खाला म्हणाल्या, कान धरून घरी आणा. भाईंनी त्याला फोन केला आणि एवढंच विचारलं, "टेबल कितने फुट का है?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग उत्तर आलं, "बारा."

पुढच्या रविवारी भाई सोलापूरला निघाले. सोबत मला घेतलं. घरच्यांना मास्तर बरोबर असले की विश्वास वाटतो. येणेगूर, जळकोट, नळदुर्ग करत एसटी निघाली. भाई वाटेत फार बोलले नाहीत. काळी पिशवी मांडीवर होती.

ज्यांनी बारा फुटी टेबल जवळून पाहिलं नाही, त्यांच्यासाठी थोडा हिशोब. सात फुटी पूल टेबलावर प्रत्यक्ष खेळायची जागा ७८ इंच लांब आणि ३९ इंच रुंद असते. स्नूकरच्या टेबलावर ती जवळपास १४० इंच लांब आणि ७० इंच रुंद. क्षेत्रफळ तिपटीहून जास्त. टेबल वाढतं, पण बॉल उलट लहान होतो. पूलचा बॉल ५७ मिलिमीटरचा, स्नूकरचा साडेबावन्नचा. आणि पॉकेटही लहान. पूलचं कोपऱ्यातलं पॉकेट साधारण पाच इंचांचं, स्नूकरचं साडेतीन इंचांच्या आसपास. म्हणजे पूलच्या पॉकेटात बॉल जाताना दोन्ही बाजूंना मिळून सात सेंटीमीटर मोकळी जागा उरते, स्नूकरमध्ये साडेतीन. आता कोनाचा विचार करा. नेम एका अंशानं चुकला तर एक मीटरवर बॉल पावणेदोन सेंटीमीटर भरकटतो, तीन मीटरवर सव्वापाच. लहान टेबलावर जी चूक पॉकेट पोटात घेतं, ती मोठ्या टेबलावर उघडी पडते.

भाईंनी तो हिशोब पहिल्या दहा मिनिटांत अंगावर घेतला. टेबलाशी उभे राहिले तेव्हा मला ते एकदम बुटके वाटले. पलीकडचा कोपरा त्यांना खूप लांब दिसत असणार, कारण त्यांनी पहिला फटका असा हाणला की लाल बॉल पॉकेटच्या दोन्ही ओठांवर खडखडला आणि बाहेर उडाला. दुसराही तसाच. तिसऱ्याला पांढरा बॉल कुशनवरून उसळून दोनदा टेबलाची लांबी फिरून आला. तीन फ्रेम झाल्या. शेवटचीचा हिशोब माझ्या लक्षात आहे, ६४ विरुद्ध ११. क्लबाची रीत अशी की हरणाऱ्यानं टेबलाचं भाडं द्यायचं. भाईंनी अर्धे पैसे काउंटरवर ठेवले आणि मुलाला म्हणाले, आधे तू दे. काउंटरवरचा पोरगा हसला. मुलानं मान खाली घालून पैसे काढले.

मला मात्र तो जोर ओळखीचा वाटला. मी ज्या शाळेत शिकवतो तिथं मुलं आधी उर्दू शिकतात. नस्तालीकची वळणं उजवीकडून डावीकडे जातात, शब्द वरून खाली तिरपा उतरतो. मग मराठीची वही उघडली की सगळं उलटं. डावीकडून उजवीकडे, आणि डोक्यावर एक सरळ रेघ. सुंदर उर्दू लिहिणारा मुलगा मराठीचं पहिलं पान लिहितो तेव्हा पेन्सिल इतकी दाबतो की मागच्या तीन पानांवर अक्षरं उमटतात. त्याला अक्षर येत नाही असं नसतं. हाताला जागा ओळखीची वाटत नाही, आणि अनोळखी जागी हात जोर करतो. नवशिक्या मुलाचं असं होत नाही. त्याचा हात सैलच असतो. ज्याचा हात आधी बसलेला आहे, त्याचंच असं होतं.

स्नूकरच्या टेबलावर हा जोर जास्तच महाग पडतो. पूलच्या पॉकेटचे ओठ सरळ कापलेले असतात, बॉल थोडा घासला तरी आत घेतात. स्नूकरच्या पॉकेटचे ओठ गोलाकार असतात. हळू आलेला बॉल ओठाला लागूनही पडू शकतो, जोरात आलेला परत फेकला जातो. कापडाचंही तसंच. पूलचं कापड गुळगुळीत, स्नूकरच्या कापडाला लव असते, मखमलीसारखी. लवेच्या विरुद्ध हळू मारलेला बॉल शेवटी शेवटी जरा बाजूला सरकतो. हे आधी माहीत नसेल तर खेळाडूला वाटतं, आपलाच नेम गेला.

शिवाय साइड. पांढऱ्या बॉलला मध्यावर न मारता डावीकडे किंवा उजवीकडे मारलं की तो फिरत जातो आणि कुशनवरून हव्या त्या कोनात निघतो. कॅम्पातले फिलिपिनो साइडचे उस्ताद, त्यामुळे भाईही. लहान टेबलावर दोन फुटांच्या अंतरात साइडमुळे पांढऱ्याची वाट फारशी बिघडत नाही. सात-आठ फूट जायचं असेल तर तो निघतानाच किंचित बाजूला ढकलला जातो आणि पुढे वळतोही. भाईंचं सगळ्यांत मोठं कसब मोठ्या टेबलावर त्यांच्याच विरोधात काम करत होतं.

त्या दिवशी परतताना ते नळदुर्गपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "गाडी का भी ऐसाच हुआ था." सौदीत वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालते, स्टिअरिंग डावीकडे. एकवीस वर्षांनी उमरग्यात आले तेव्हा पहिला महिनाभर ते गाडीच्या चुकीच्या दाराशी जायचे. वळताना नजर चुकीच्या बाजूला जायची. चाळीस टनांचा ट्रेलर वाळवंटातून नेणारा माणूस आमच्या बाजारातल्या रस्त्यावर दुचाकी काढायला कचरायचा. एका ओळखीच्यानं टेम्पोवर काम देऊ केलं होतं, तेही त्यांनी टाळलं. लोकांना वाटलं, सौदीचा पैसा आहे, कशाला राबेल. पैसा दोन मुलींच्या लग्नांत आणि घराच्या स्लॅबमध्ये गेलेला होता. भाई घरात बसून होते ते वेगळ्याच कारणानं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, ज्याचं सगळं कौशल्य दुसऱ्याच मापाच्या जगात घडलं, त्याला इथं नव्यानं कच्चा दिसायचं नव्हतं. आखातातून परतलेली अशी माणसं आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्यांच्याबद्दल आपण 'आता आराम करा' एवढंच बोलतो.

मार्चमध्ये ते पुन्हा सोलापूरला गेले. मीही गेलो. यावेळी त्यांनी क्यू पिशवीतून काढलाच नाही. तासभर खुर्चीवर बसून इतरांचा खेळ पाहिला. मग टेबल रिकामं झालं तसं त्याच्याभोवती चालले, पावलं मोजत. हात लांब करून कुठून काय पोचतं ते पाहिलं. मार्कर म्हणून एक म्हातारे गृहस्थ तिथं होते, गुण मांडणारे, टेबल झाडणारे. भाई त्यांच्याशी बराच वेळ बोलले. टेबल ब्रश कसं करतात, लव कुठल्या दिशेला, कुठल्या कोपऱ्यात उतार वाटतो. निघताना फक्त दहा मिनिटं खेळले. नेम कशावरच नाही. पांढरा बॉल एकटा ठेवायचा, समोरच्या कुशनला लावायचा आणि तो परत येऊन कुठं थांबतो ते पाहायचं. पुन्हा तेच. फटका दर वेळी थोडा कमी.

मला त्या दहा मिनिटांत भाई कॅम्पात कसे शिकले असतील ते दिसलं.

एप्रिलमध्ये चश्म्याची भानगड निघाली. पूलमध्ये ते जरा उभेच राहायचे. स्नूकरमध्ये लांबच्या फटक्याला हनुवटी क्यूला टेकेपर्यंत वाकावं लागतं. वाकलं की डोळे चश्म्याच्या वरच्या काठातून बघतात, आणि फ्रेम तिथंच संपते. आयुष्यभर छोट्या टेबलावर ही अडचण आली नव्हती. मी त्यांना डेनिस टेलरची गोष्ट सांगितली. १९८५ मध्ये शेफिल्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये टेलरनं स्टीव्ह डेव्हिसला १८–१७ असं हरवून जागतिक किताब जिंकला. निकाल लागला तो शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्या बॉलवर. टेलरचा चश्मा विचित्र होता, मोठ्या काचांचा आणि इतका वर बसवलेला की उलटा घातल्यासारखा वाटे. वाकल्यावर काचेच्या मधून दिसावं म्हणून तो मुद्दाम तसा बनवून घेतलेला. भाईंना ते फार पटलं. उमरग्यातल्या चश्मेवाल्यानं जुन्या मोठ्या फ्रेममध्ये लांबच्या नंबरच्या काचा बसवून दिल्या आणि नाकावरचे टेकू उंच केले. तो चश्मा घातला की भाई घुबडासारखे दिसतात. नातवंडं खूश झाली.

पण खरा बदल मे महिन्यात झाला, आणि तो काठीचा नव्हता की काचांचा नव्हता. टेबलाच्या मधोमध एक लाल बॉल होता. भाईंचा हात पोचत नव्हता. अशा वेळी रेस्ट वापरतात. लांब काठीच्या टोकाला पितळेचा फुलीसारखा आधार, त्यावर क्यू टेकवून मारायचं. सात फुटी टेबलावर त्याची गरज क्वचित लागते, म्हणून कॅम्पात कुणी ती उचलायचंच नाही. भाई आतापर्यंत असे फटके सोडून देत होते. त्या दिवशी ते मुलाकडे वळले आणि म्हणाले, "मेरे कू ये सिखा."

मुलगा क्षणभर थांबला. मग आला, रेस्ट टेबलावर ठेवली, वडिलांचा मागचा हात धरून कोपर बाजूला केलं. "अब्बा, कोहनी ऐसी. और हल्लू. एकदम हल्लू." आमच्या दखनीतलं 'हल्लू' आणि मराठीतलं 'हळू' यांच्यात फरक एका ओठाचाही नाही. भाईंनी हल्लू मारलं. बॉल पॉकेटच्या काठावर थांबला, विचार केल्यासारखा, आणि पडला. दोघंही हसले. मी त्या मुलाला वडिलांसमोर हसताना त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

तिथून पुढे भाईंचा जुना खेळ परत यायला लागला, पण वेगळ्या वेषात. लांबचा बॉल पॉट करायचा हट्ट त्यांनी सोडला. साइड फक्त जवळच्या फटक्यांना. एका पाळीत दोन किंवा तीन बॉल, मग पांढरा अशा जागी नेऊन ठेवायचा की पुढच्याला सरळ काही दिसू नये. याला सेफ्टी म्हणतात. तरुण पोरांना सेफ्टी आवडत नाही. त्यांना आवाज करत जाणारा लांब पॉट आवडतो. भाईंकडे वीस वर्षांची एक गोष्ट होती जी टेबलाच्या मापावर अवलंबून नव्हती. दोन बॉल एकमेकांना लागल्यावर पांढरा कुठं जाईल, हे त्यांना आधी दिसायचं. बारा फुटांवर ते अंतर बदललं होतं, तत्त्व तेच होतं. एकदा अंतराचा अंदाज हातात बसला तसं त्यांनी ते तत्त्व कामाला लावलं. एका फ्रेममध्ये मुलानं क्यू खाली ठेवून तक्रारच केली, "अब्बा, आप खेलने कू ही नै दे रै."

मोठे खेळाडूही मापाच्या या प्रश्नातून सुटलेले नाहीत. अमेरिकेचा विली मॉस्कोनी हा पूलमधला दंतकथा बनलेला माणूस. त्यानं १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला न चुकता सलग ५२६ बॉल पॉट केले. हा विक्रम २०१९ मध्ये जॉन श्मिटनं ६२६ करून मोडला. पण मॉस्कोनीचा विक्रम आठ फुटी टेबलावरचा होता, स्पर्धेच्या टेबलापेक्षा लहान, आणि विक्रमाची चर्चा निघाली की जाणकार हे टेबलाचं मापही सांगतात. विक्रमाला टेबलाची लांबी चिकटलेली असते. त्यानं मॉस्कोनी लहान होत नाही. आपण कुठल्या मापावर घडलो, ते मोकळेपणानं सांगता आलं पाहिजे, इतकंच.

आणि वयाचं म्हणाल तर मुंबईचे यासीन मर्चंट. १९८९ मध्ये ते स्नूकरचे आशियाई विजेते झाले. मधल्या काळात त्यांनी व्यावसायिक स्पर्धांतही नशीब आजमावलं. मग २००१ मध्ये, बारा वर्षांनी, पुन्हा आशियाई विजेते. बारा वर्षांत प्रतिस्पर्धी बदलतात, खेळण्याची पद्धत बदलते, स्वतःचे डोळे आणि पाठ बदलते. तरीही परत येता येतं. भाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मधली बारा वर्षं ते रोज खेळत होते का?" मी म्हणालो, खेळाडूच ते, खेळत असणारच. भाई म्हणाले, "मग ठीक आहे. बसून राहून कुणी परत येत नाही."

हे वाक्य ते मला म्हणाले की स्वतःला, मी विचारलं नाही. पण जूनमध्ये त्यांनी टेम्पोचं ते काम घेतलं. पहिले पंधरा दिवस पहाटे चारला निघायचे, रस्ते रिकामे असताना. रिकामी गाडी उमरगा ते मुरूम, मुरूम ते उमरगा. माल न भरता. मालकानं विचारलं, डिझेल कशाला जाळता? भाई म्हणाले, डिझेल माझ्या पगारातून कापा. मग भाजीपाला भरून सोलापूरच्या मार्केट यार्डापर्यंत जायला लागले. आता आठवड्यातून चार फेऱ्या होतात. माल उतरवला की ते मुलाच्या रूमवर डबा पोचवतात. रविवारी असरची नमाज झाली की दोघं तासभर खेळतात. भाडं अजून अर्धं अर्धं.

भाभींची नाराजी पूर्ण गेलेली नाही, आणि ती जावी असं मीही म्हणत नाही. त्यांनी अट घातली की एकही विषय मागे राहिला तर टेबल बंद, बापाचंही आणि लेकाचंही. अट दोघांनी मान्य केली. पुढच्या परीक्षेत मुलाचा एक विषय खरंच राहिला, तेव्हा दोन महिने टेबल बंद राहिलं. त्या दोन महिन्यांत भाई रविवारी रूमवर जाऊन त्याच्यासमोर नुसते बसायचे. तो अभ्यास करायचा, हे वर्तमानपत्र वाचायचे. विषय सुटला.

भाईंनी मुलाविरुद्ध जिंकलेल्या फ्रेम बोटांवर मोजता येतील. पहिली जिंकली ती ऑगस्टमध्ये, ४१ विरुद्ध ३७. मी तिथं नव्हतो. मला मुलाचाच फोन आला. तो आनंदानं ओरडत होता, आणि हरलेला तोच होता.

अलीकडे आमच्या मोहल्ल्यात आखातातून परतलेले आणखी दोघं-तिघं भाईंकडे येऊन बसतात. एकाची दुकान टाकायची चर्चा चाललेली असते, एकाला शेतीचं काही कळत नाही पण शेत आहे. त्यांच्यापैकी कुणीही पूल खेळत नाही. एकदा त्यातल्या एकानं हताश होऊन म्हटलं, "तिथं मी फोरमन होतो, चाळीस माणसं हाताखाली. इथं दहावी पास पोरगा मला जीएसटी समजावतो." भाई चहा ओतत होते. त्यांनी विचारलं, "नीट समजावतो का?"

तो म्हणाला, "समजावतो तर नीटच."

"मग उद्याही त्याच्याकडेच जा," भाई म्हणाले, आणि कप त्याच्याकडे सरकवला.